वानखेडेला जाताना गाडी कुठे ठेवली

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात रोहित शर्माने न्यूझीलंडविरुद्ध चार षटकार मारले. ते चारही षटकार माझ्या वडिलांनी वानखेडे स्टेडियमच्या भिंतीबाहेर, एका झेंडे विकणाऱ्याने दिलेल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून केवळ ऐकले. तिकिटे आमच्याकडे होती, पण ती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती आणि मी त्या वेळी दोन किलोमीटरवर गाडी लावायला जागा शोधत हिंडत होतो. चूक सर्वस्वी माझी होती. ती कशी घडली आणि दीड वर्षानंतर त्याच मैदानावर त्याच वडिलांना मी वेगळ्या रीतीने कसे नेले, हे सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले, कारण पुण्याहून घरातल्या ज्येष्ठांना घेऊन वानखेडेला जाणारे अनेक जण नेमका तोच विचार करतात जो मी केला होता.

बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उजव्या गुडघ्याची झीज, हातात काठी, आणि सलग दहा मिनिटांहून जास्त उभे राहायचे नाही अशी डॉक्टरांची सूचना. तरुणपणी नोकरीसाठी ते गिरगावात एका खोलीत चौघांबरोबर राहत असत आणि १९७५च्या जानेवारीत वानखेडेवर जो पहिला कसोटी सामना झाला, वेस्ट इंडीजविरुद्धचा, त्याचे दोन दिवस त्यांनी पाहिले होते. क्लाइव्ह लॉइडच्या नाबाद २४२ धावांबद्दल ते आजही बोलतात. त्या वेळी ते मैदानापर्यंत चालत गेले होते आणि चालतच परतले होते. त्यामुळे गाडी, पार्किंग, रस्ता बंद असणे हे विषय त्यांच्या आठवणीत कुठेच नव्हते. ती सगळी जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली होती.

त्या दिवशी भाऊबीज होती. माझी आत्या नेरुळला राहते, म्हणून आदल्या दिवशी पाडव्याला पुण्यातून निघून आम्ही तिच्याकडे मुक्कामाला गेलो. बाबा, मी आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा असे तिघे होतो. सकाळी ओवाळणी झाली, साडेअकराला जेवायला बसलो आणि त्याच पंगतीत आत्याने सांगितले, "गाडी इथेच राहू दे. वॉचमनला सांगून ठेवते. स्टेशन दहा मिनिटांवर आहे, दादाला रिक्षाने सोडा आणि लोकलने जा. सीएसएमटीला उतरून टॅक्सी करा." आत्या तीस वर्षे नवी मुंबईतून फोर्टात नोकरीला जात होती. तिच्या सांगण्यामागे तीस वर्षांचा रोजचा प्रवास होता. माझ्या नकारामागे फक्त एक समज होती, ती म्हणजे गुडघा दुखणाऱ्या माणसाला लोकलमध्ये चढवणे हा जुलूम आणि गाडीत बसवणे ही काळजी. मी म्हणालो, "नको आत्या, गाडीने अगदी दारात सोडतो त्यांना."

वानखेडेच्या बाबतीत 'दारात सोडणे' ही गोष्ट अस्तित्वातच नाही, हे मला माहीत नव्हते. हे मैदान चर्चगेट आणि मरीन लाइन्स या स्थानकांच्या मध्ये, एका बाजूला पश्चिम रेल्वेचे रूळ आणि दुसऱ्या बाजूला मरीन ड्राइव्हच्या आतल्या इमारती अशा चिंचोळ्या जागेत बसवलेले आहे. साधारण ३३ हजार माणसे तिथे बसतात आणि सर्वसामान्य प्रेक्षकांच्या गाड्यांसाठी आत जागा नाही. सामन्याच्या दिवशी डी रोड, ई रोड अशा अक्षरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आसपासच्या गल्ल्यांत गाडी उभी करायला बंदी असते, काही रस्ते एकदिशा होतात, काही ठिकाणी लोखंडी कठडे लागतात, आणि वाहतूक पोलीस आदल्या दिवशीच सूचना काढून लोकांनी रेल्वेने यावे असे सांगतात. ती सूचना मीही वाचली होती. वाचूनही मला वाटले होते की ती इतरांसाठी आहे.

सव्वाबाराला आम्ही नेरुळहून निघालो. तेव्हा वाशीच्या खाडीपुलाजवळच्या नाक्यावर मोटारींना पथकर होता. सणाचा दिवस असल्याने बहिणींकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागलेली होती आणि तिथेच पंचवीस मिनिटे गेली. चेंबूरहून पूर्व मुक्त मार्गावर चढलो तेव्हा मात्र रस्ता मोकळा मिळाला आणि मला हायसे वाटले. मुक्त मार्गाचा फसवेपणा इथेच आहे. तो सोळा-सतरा किलोमीटर तुम्हाला अडथळ्याविना पळवतो आणि पी. डिमेलो रस्त्यावर उतरवून देतो. त्यापुढचे जेमतेम तीन किलोमीटर किती वेळ घेतील याचा अंदाज आधीच्या वेगावरून बांधता येत नाही.

बॅलार्ड इस्टेटमधून जाताना रस्त्याकडेला मोकळ्या जागा दिसत होत्या. कचेऱ्यांचा भाग, त्यात सुट्टी, त्यामुळे तिथे त्या वेळी तरी गाडी लावता आली असती. मुलगा मला म्हणालाही, "बाबा, इथे लावू या ना, पुढे टॅक्सी करू." मी थांबलो नाही. बाबांना तेवढेही चालायला लागू नये म्हणून मी पुढे गेलो आणि हुतात्मा चौक ओलांडल्यावर वीर नरिमन मार्गावर गाडी जी अडकली, ती ओव्हल मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत सरकायला पंचवीस मिनिटे लागली. पावणेदोन वाजून गेले होते. चर्चगेटच्या चौकात एका हवालदाराने काचेवर टकटक करून सांगितले की आता गाडी पुढे जाणार नाही, माणसे उतरवायची असतील तर पटकन उतरवा. मागून हॉर्न वाजत होते. मी बाबांना आणि मुलाला इरॉस चित्रपटगृहाच्या कोपऱ्यावर उतरवले, 'तुम्ही गेटपाशी जाऊन थांबा, मी आलोच' असे सांगितले आणि पोलिसांनी दाखवलेल्या दिशेने गाडी वळवली. तिकिटे खिशात राहिल्याचे माझ्या लक्षात आले तेव्हा मी दोन चौक पुढे होतो. फोन लावला तर लागेना. इतकी माणसे एका जागी जमली की मोबाइलचे नेटवर्क नावालाच उरते.

मघाशी मोकळे दिसलेले बॅलार्ड इस्टेट तेवढ्या वेळात भरून गेले होते. दोन ठिकाणच्या पे-अँड-पार्कवाल्यांनी लांबूनच हात हलवून नकार दिला. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली, पण तिथल्या माणसाने नेहमीच्या दराऐवजी 'मॅच रेट' सांगितला आणि हातात जो कागद दिला त्यावर नुसता रबरी शिक्का होता, वेळ नव्हती, रक्कम नव्हती. घाईत मी तो खिशात कोंबला आणि निघालो. सव्वादोन वाजले होते. तिथून स्टेडियमपर्यंत मी जवळजवळ धावतच गेलो. चर्चगेटच्या भुयारी मार्गातून बाहेर पडताना आतून एक मोठा जल्लोष ऐकू आला, त्याच्या पाठोपाठ दुसरा आला आणि काही मिनिटांनी सगळीकडे एकदम शांत झाले.

बाबा त्या स्टुलावर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. झेंडेवाल्याने त्यांना उन्हातून भिंतीच्या सावलीत सरकवून घेतले होते. मला पाहिल्यावर त्यांनी माझ्यावर राग काढला नाही, इतकेच म्हणाले, "रोहित गेला." नवव्या षटकात तो ४७ धावांवर बाद झाला होता, अवघ्या २९ चेंडूंत. बाबांना तो मुंबईच्या जुन्या फलंदाजांच्या पठडीतला वाटतो आणि त्याची सलामी पाहायची एवढ्यासाठीच त्यांनी या प्रवासाला होकार दिला होता.

तपासणीच्या रांगेत आणखी एक गोष्ट पुढे आली. आत पिशवी नेता येत नाही, पाण्याची बाटली नाही, पॉवर बँक नाही, सुटी नाणीसुद्धा नाहीत, आणि सामान सांभाळून ठेवायची सोयही तिथे नसते. बाबांच्या खांद्याला कापडी पिशवी होती. तीत औषधे, पाण्याची बाटली आणि आत्याने दिलेला चकल्या-करंज्यांचा स्टीलचा डबा होता. गाडी जवळ असती तर पिशवी परत ठेवून येता आली असती. बाबांनी गोळ्यांची पट्टी काढून खिशात ठेवली आणि बंदोबस्तावर सकाळपासून उभ्या असलेल्या एका महिला पोलिसाच्या हातात डबा देऊन म्हणाले, "आज भाऊबीज आहे, हे घ्या, सगळ्यांना द्या." तिने क्षणभर आमच्याकडे पाहिले, डबा उघडून पाहिला आणि हसून घेतला. आम्ही जागेवर बसलो तेव्हा सव्वातीन होत आले होते.

सामन्याबद्दल वेगळे सांगायला नको. कोहलीचे पन्नासावे एकदिवसीय शतक, श्रेयस अय्यरचे शतक, भारताच्या ३९७ धावा, मग मिचेल आणि विल्यमसनच्या भागीदारीने पडलेली चिंता आणि शमीचे सात बळी, हे सगळे आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि त्या सात तासांत बाबा गुडघा विसरले होते.

गुडघ्याची आठवण साडेदहानंतर झाली. गर्दीबरोबर पायऱ्या उतरून रस्त्यावर यायलाच अर्धा तास गेला आणि चर्चगेटच्या चौकापर्यंत येताना बाबा तीनदा थांबले. गाडीपर्यंतचे दोन किलोमीटर त्यांना चालणे शक्य नव्हते. काळी-पिवळी टॅक्सी थांबत नव्हती, थांबली तर इतके जवळचे भाडे घ्यायला तयार नव्हती, आणि मोबाइलवर टॅक्सी मागवली तर चालक कठड्यांच्या पलीकडेच अडकून राहत होता. शेवटी दोघांना स्थानकाबाहेरच्या एका पायरीवर बसवून मी एकटा गाडी आणायला गेलो. पार्किंगच्या तोंडाला साखळी लावलेली होती. दहाला बंद होते, असे तिथल्या माणसाने आता सांगितले. माझ्या शिक्क्याच्या कागदावर काहीच लिहिलेले नसल्यामुळे त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडे आधार नव्हता. त्याने मागितले तेवढे पैसे दिले, गाडी काढली, वळसे घेत घेत चर्चगेटला पोहोचलो तेव्हा बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाबा तासाहून अधिक काळ त्या थंड दगडी पायरीवर बसून होते. त्यांच्या समोरच, स्थानकाच्या आत, दर काही मिनिटांनी लोकल सुटत होत्या आणि माणसे आपापल्या घरी चालली होती. नेरुळला पोहोचायला पावणेदोन झाले. आत्या जागीच होती. तिने काही विचारले नाही, गरम पाण्याची पिशवी आणून बाबांच्या गुडघ्यावर ठेवली.

पुण्याला परतल्यावर मी नकाशावर बाबांच्या त्या दिवशीच्या चालण्याचा हिशेब मांडला. इरॉसपासून गेटपर्यंत, गेटपासून जागेपर्यंत आणि परत चौकापर्यंत, असे मिळून ते जेवढे चालले होते, तेवढेच लोकलने गेलो असतो तरी चालले असते. गाडीमुळे त्यांचे एक पाऊलही वाचले नव्हते. वाढले होते ते ताटकळणे. उभे राहणे, आधाराशिवाय बसणे आणि माझी वाट पाहणे यांचे मिळून अडीच तास भरत होते. गुडघ्याला सूज आली ती त्या अडीच तासांनी. गाडी 'जवळ' असावी या हट्टात मी मोजत होतो ते गाडीचे अंतर. मोजायला हवे होते ते बाबांच्या एका बैठकीपासून दुसऱ्या बैठकीपर्यंतचे अंतर आणि त्यात जाणारा वेळ.

पुढच्या वेळची आखणी मी याच मापाने केली. २० एप्रिल २०२५, रविवार, आयपीएलचा मुंबई विरुद्ध चेन्नई सामना, संध्याकाळी साडेसातचा. मधल्या काळात नवे रस्ते झाले होते आणि मोह वाढवणारी कारणेही. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचे उद्घाटन झाले, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्याला थेट शिवडीला उतरता येते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर मोटारींचा पथकर माफ झाला, तेव्हा वाशीची ती रांगही गेली. वरळीकडून येणाऱ्यांसाठी सागरी किनारा मार्ग झाला, जो बोगद्यातून बाहेर पडून थेट मरीन ड्राइव्हवर येतो, म्हणजे सामन्याच्या दिवशी जिथे सर्वांत जास्त अडवाअडवी असते बरोबर तिथेच. कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी सांगितले, आता दोन-अडीच तासांत पुण्याहून चर्चगेट, गाडीनेच जा. मी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि आत्याला फोन केला. म्हणालो, "आत्या, वॉचमनला सांगून ठेव. गाडी तुझ्याकडेच राहील."

पुण्याहून थेट रेल्वेने का नाही, असे कुणी विचारील. जायला गाड्या भरपूर आहेत. परतीची अडचण आहे. सामना अकरा-साडेअकराला संपला की पुण्याकडे सोयीने परतायला पहाटेच्या इंद्रायणी एक्स्प्रेसची वाट पाहावी लागते, आणि वृद्ध माणसाला फलाटावर रात्र काढायला लावणे शक्य नाही. दिवसभराच्या दगदगीनंतर रात्री एक वाजता द्रुतगती मार्गावर स्वतः गाडी चालवणे तर मी कुणालाच सुचवणार नाही. म्हणून पुणेकरांसाठी नवी मुंबईत मुक्काम, तिथेच गाडी आणि पुढे हार्बरची लोकल, हाच मार्ग मला योग्य वाटतो. ज्यांचे नातेवाईक तिकडे नाहीत त्यांच्यासाठी वाशी, नेरुळ, बेलापूर या स्थानकांच्या आवारात पैसे देऊन गाडी लावायची सोय असते. फक्त ती जागा रात्री किती वाजेपर्यंत उघडी आहे हे लावतानाच विचारावे, आणि पावतीवर वेळ व रक्कम लिहून घेतल्याशिवाय तिथून हलू नये.

रविवार असल्यामुळे मेगाब्लॉकची धास्ती होती. मध्य रेल्वे रविवारी दुरुस्तीसाठी वाहतूक रोखते ते बहुधा सकाळी अकरानंतर आणि दुपारी चारच्या सुमारापर्यंत. शनिवारीच तिचे पत्रक येते, ते मी पाहून घेतले आणि साडेचारनंतरच निघायचे ठरवले. मोबाइलवरून पहिल्या वर्गाची परतीची तिकिटे काढली. सामन्याची तिकिटे या वेळी प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी दिली आणि तिकिटावरचा गेटचा क्रमांक मुलाकडून नकाशावर शोधून घेतला, कारण वानखेडेची गेटे मैदानाच्या चारही अंगांना विखुरलेली आहेत आणि चुकीच्या बाजूने गेल्यास कठड्यांमधून उलटा वळसा घालावा लागतो. जागा खालच्या टप्प्यातल्या घेतल्या होत्या, त्या वरच्यांपेक्षा महाग पडल्या. पण त्यामुळे पायऱ्या कमी चढाव्या लागल्या आणि माझ्या मते सगळ्या खर्चात तो सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च होता. पिशवी नव्हतीच. बाबांची संध्याकाळची गोळी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची घडी त्यांच्या खिशात होती.

आत्याने स्थानकापर्यंत रिक्षा करून दिली. नेरुळला गाडीत गर्दी नव्हती, बाबांना खिडकीची जागा मिळाली आणि तासाभराच्या त्या प्रवासात ते वाशीची खाडी, मानखुर्द, शिवडी, कॉटन ग्रीन असे एकेक नाव वाचत बसले. सीएसएमटीला हार्बरच्या गाड्या एक आणि दोन क्रमांकांच्या फलाटांवर येतात. बाहेर पडताना पुलाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, हे गुडघेदुखीच्या माणसाला किती महत्त्वाचे आहे ते त्या दिवशी कळले. चालू शकणाऱ्यांसाठी तिथून आझाद मैदानातली पायवाट, खाऊगल्ली आणि क्रॉस मैदान असा चर्चगेटपर्यंतचा नोकरदारांचा जुना रस्ता आहे, वीस मिनिटांचा. मुलाला तो पाहायचा होता. त्याला म्हटले, पुढच्या वेळी. आम्ही टॅक्सी केली. रविवारी फोर्ट रिकामे असते, त्यात सामन्याला दीड तासाहून अधिक अवकाश होता, म्हणून टॅक्सी हुतात्मा चौकातून सरळ चर्चगेटला आली. सहा वाजता आम्ही उतरलो, हळूहळू चालत, एकदा थांबून, सव्वासहाला गेटवर पोहोचलो. काठीबद्दल मला शंका होती, पण तपासणाऱ्या माणसाने ती हातात घेऊन पाहिली आणि परत दिली. नाणेफेकीच्या आधी बाबा आपल्या जागेवर होते, अंगावर समुद्राचा वारा येत होता आणि समोर खेळाडू सराव करत होते. १९७५मध्ये आपण कोणत्या बाजूला बसलो होतो ते त्यांनी मुलाला बोटाने दाखवले.

चेन्नईने १७६ धावा केल्या. नंतर रोहित सलामीला आला.

मी त्या डावाचे वर्णन करणार नाही. तो पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत टिकला, ४५ चेंडूंत नाबाद ७६, सहा षटकार, आणि सूर्यकुमारबरोबर सोळाव्या षटकातच सामना संपवून परतला. बाबा बहुतेक वेळ गप्प होते. फक्त प्रत्येक षटकारानंतर काठीचे टोक एकदा जमिनीवर आपटत होते. महिन्याभरातच, १६ मे रोजी, वानखेडेतल्या एका भागाला रोहितचे नाव दिले गेले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातले ते छायाचित्र कापून ठेवले.

परतीचा भाग मी सर्वांत बारकाईने ठरवला होता. सामना संपल्यावर आम्ही पंधरा मिनिटे जागेवरच बसून राहिलो आणि पहिला लोंढा जाऊ दिला. ज्याला शेवटची गाडी गाठायची नाही त्याने उठण्याची घाई करूच नये. बाहेर आल्यावर स्टेडियमच्या बाजूला टॅक्सी शोधली नाही. चर्चगेटच्या भुयारी मार्गाने पलीकडे निघालो. त्याच्या पायऱ्या बाबांना जड गेल्या, हे कबूल केले पाहिजे. या सगळ्या प्रवासातला तेवढा एक टप्पा मला टाळता आला नाही. ओव्हलच्या कडेला कठड्यावर त्यांना पाच मिनिटे बसवले. तिथून हुतात्मा चौकाच्या दिशेला तोंड करून उभी असलेली टॅक्सी पहिल्या प्रयत्नात मिळाली, कारण त्या चालकाला गर्दीत शिरायचे नव्हते आणि आम्हालाही नाही. सीएसएमटीला पोहोचलो तेव्हा पनवेलची गाडी फलाटावर उभीच होती. सीएसएमटी काय किंवा चर्चगेट काय, दोन्ही ठिकाणी लोकल सुरू होते, मधून येत नाही. म्हणून रात्री कितीही गर्दी असली तरी एखादी गाडी सोडून पुढच्या गाडीत आधी चढले की बसायला जागा मिळते. मला हे आत्याने २०२३च्या त्या जेवणाच्या पंगतीतच सांगितले होते.

त्यानंतर आणखी एक बदल झाला आहे, तो पुढच्या वेळी जाणाऱ्यांसाठी नोंदवतो. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही तिची लागोपाठची स्थानके आहेत. जाताना टॅक्सीऐवजी ती घेता येईल. सुरू झाली तेव्हा तिची शेवटची गाडी रात्री साडेदहाची होती. त्यामुळे साडेसातच्या सामन्यानंतर तिच्यावर विसंबण्याआधी त्या दिवशी वेळ वाढवली आहे का ते पाहून घ्यावे, नाहीतर परतीसाठी टॅक्सी आणि लोकल हीच व्यवस्था मनात ठेवावी.

गाडी सुटली तेव्हा बाबा खिडकीशी होते. मशीद, सँडहर्स्ट रोड गेल्यावर त्यांनी बूट सैल केले, पाय समोरच्या रिकाम्या बाकाखाली लांब केला आणि शेजारी बसलेल्या, मुंबईच्या निळ्या जर्सीतल्या एका मुलाला विचारले, "तू आत कधी पोहोचलास?" तो म्हणाला, "काका, मी बाइकने आलो होतो, हेल्मेट आत घेत नाहीत, ते ठेवायला जागा शोधण्यात पहिली चार षटके गेली. शेवटी बाइक मित्राकडेच ठेवून आता लोकलने चाललोय." बाबांनी मान हलवली आणि ती चार षटके कशी झाली ते त्याला चेंडूगणिक सांगायला सुरुवात केली. नेरुळ आले तरी त्यांचे सांगणे संपले नव्हते.